कसब राखायचं तर आधी हात राखा
सँडर-पॉलिशर वापरणाऱ्या दोस्तांशी बोलणं

(विष्णुपुरी, नांदेड इथं गॅरेज, फर्निचर आणि फरशी-पॉलिशच्या कामातल्या तरुणांसमोर केलेलं भाषण, लेखी स्वरूपात.)



आज इथं येताना रिक्षावाल्या भावानं विचारलं, "कुठं सोडू, कॉलेजला की दवाखान्यात?" विष्णुपुरीला येणाऱ्या माणसाला हे विचारावंच लागतं. इथं श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. तिथं मोटर कशी फिरते हे चार वर्षं शिकवतात. आणि इथंच डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. त्या मोटरीनं हात कापला की माणूस तिथं येतो. आपल्यातल्या फार थोड्यांना कॉलेजात शिकायला मिळालं. दवाखान्याची पायरी मात्र बहुतेकांनी चढलेली आहे. कुणाच्या डोळ्यात कण गेला म्हणून, कुणाचं बोट गेलं म्हणून, कुणाच्या अब्बांचा खोकला थांबेना म्हणून.

मी बावीस वर्षं फर्निचर पॉलिशचं काम केलं. आता नव्या मुलांना शिकवतो. मला भाषण येत नाही, मशीन येते. म्हणून मशीनबद्दलच बोलणार आहे.

हा विषय या मंचावर कशाला?

एका मित्रानं मला हेच विचारलं. म्हणाला, आपण शिक्षणावर बोलतो, संविधानावर बोलतो, बहिणींच्या हक्कांवर बोलतो. त्यात सँडर कुठून आला?

सांगतो. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. त्यात नोंद आहे की देशातल्या मुस्लिम कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वतःच्या धंद्यावर जगतात, आणि हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. स्वतःचा धंदा म्हणजे शोरूम नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पत्र्याचं शेड, एक कंप्रेसर, दोन मशिनी, एक उस्ताद आणि दोन पोरं. देगलूर नाक्यापासून लातूर-उदगीरपर्यंत कुठंही जा, हेच चित्र दिसेल.

मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी असतो. सरकारी निरीक्षक तपासायला येऊ शकतो. गॉगल न घालता मशीनला हात लावला तर सुपरवायझर हटकतो. तीन-चार माणसांचं दुकान कारखान्याच्या कायद्यात साधारणपणे बसतच नाही. तिथं कुणी तपासायला येत नाही आणि कुणी हटकत नाही. म्हणजे त्या शेडमधला सुरक्षा अधिकारी कोण? तुम्हीच. तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही.

जगण्याचा हक्क संविधानानं दिलाय. त्या जगण्यात हात, डोळे आणि फुप्फुसं येतात की नाही? म्हणून हा विषय या मंचाचाच आहे.

आधी मशीन ओळखा

दुकानात तीन प्रकारच्या मशिनी असतात आणि तिन्हींना आपण "मशीन" म्हणतो. अर्धी गडबड तिथंच होते.

पहिला ग्राइंडर. लहान, चार इंची, लोखंड कापायचा आणि घासायचा. तो मिनिटाला १०-११ हजार फेरे मारतो. दुसरा खरा सँडर-पॉलिशर. दिसायला ग्राइंडरचा थोरला भाऊ, सात इंची पॅडचा, पण वेग कमी. साधारण ६०० ते ३,००० फेरे, आणि वेग कमी-जास्त करायला चकती किंवा दाबायचं बटण. गाडीचं बफिंग, लाकडाचं पॉलिश, फरशीची चमक याच्यावर होते. तिसरा ऑर्बिटल सँडर. तो गोल फिरता फिरता थरथरतो. लांबी, सीलर घासायला तो चांगला.

आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक म्हणजे पॉलिशर महाग म्हणून ग्राइंडरलाच बफिंगचं पॅड लावणं. हिशेब करून बघा. सात इंची पॅड २,००० फेऱ्यांवर फिरलं तर त्याची कड ताशी ६८ किलोमीटरनं धावते. हमरस्त्यावरच्या गाडीएवढा वेग. तेच पॅड ११ हजार फेऱ्यांवर फिरवलं तर कड ताशी ३७० किलोमीटरच्या पुढं जाते. त्या वेगासाठी ते पॅड बनवलेलंच नाही. ते फाटतं, आणि फाटून कुणाच्या दिशेनं जाईल ते तुमच्या हातात नसतं. गाडीचा रंग जळतो तो वेगळाच.

म्हणून पहिला नियम. प्रत्येक पॅडवर, प्रत्येक डिस्कवर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. मशीनच्या पाटीवरही आकडा असतो. पॅडचा आकडा मशीनच्या आकड्याएवढा किंवा त्याहून मोठा पाहिजे. आकडा पुसला गेलाय, तर ते पॅड लावायचं नाही. आणि मोठी डिस्क बसावी म्हणून ग्राइंडरचं गार्ड काढून टाकायचं, हा प्रकार आजपासून बंद करा. गार्ड काढलेला ग्राइंडर बघितला की मला त्या दुकानातल्या पोराची काळजी वाटते.

लाइट गेली, बटण तसंच राहिलं

आता माझी गोष्ट. मी सतरा वर्षांचा होतो. एका दुकानात दरवाजा घासत होतो. पॉलिशरला बटण दाबून ठेवायचं लॉक असतं, बोट दुखू नये म्हणून. मी ते लावलेलं होतं. लाइट गेली. आपल्याकडं लाइट जाणं म्हणजे रोजचंच. मी मशीन टेबलावर ठेवली आणि चहा प्यायला गेलो. लॉक काढलं नाही, प्लगही काढला नाही.

वीस मिनिटांनी लाइट आली. टेबलावरची मशीन आपोआप सुरू झाली, स्वतःभोवती फिरली, वायर गुंडाळत खाली आली आणि खाली बसून जेवत असलेल्या माझ्या साथीदाराच्या नडगीवर पडली. ऐंशी नंबरचा पेपर लावलेला होता. हाडापर्यंत घासलं गेलं. तो चार महिने कामाला आला नाही. त्या चार महिन्यांचा पगार त्याला कुणी दिला नाही. आणि दोष कुणाला दिला? "नशीब", म्हणाले.

ते नशीब नव्हतं. ते माझं बटण होतं. हे कबूल करायला मला खूप वर्षं लागली.

म्हणून लाइट गेली की तीन गोष्टी, याच क्रमानं. लॉक काढा, बटण बंद करा, प्लग बाहेर काढा. मग चहा. पेपर बदलताना, पॅड बदलताना, मशीन साफ करतानाही प्लग आधी बाहेर. बोर्डावरचं बटण बंद केलं एवढ्यावर भागत नाही. ते दुसरा कुणीतरी चालू करतो.

विजेच्या बाबतीत अजून थोडं. प्लग तुटला म्हणून उघड्या वायरी बोर्डाच्या भोकात घालून वर काडी खोचायची, हे आपण सगळ्यांनी केलंय. खोटं बोलू नका, मीही केलंय. हे बंद. तीन पिनांची मशीन असेल तर तिसरी पिन तोडायची नाही. अर्थिंग तिच्यातूनच होतं. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ती दुहेरी इन्सुलेशनची आहे, तिला दोन पिना चालतात. आणि दुकानाच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वीज अंगातून जमिनीत जायला लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून बघा. लाइट गेली तर तो जिवंत आहे, गेली नाही तर लगेच बदला.

एक्स्टेन्शन बोर्डाची वायर गुंडाळीवर ठेवून मशीन चालवू नका, पूर्ण सोडा. गुंडाळलेली वायर तापते. आणि व्होल्टेज कमी असेल तेव्हा थांबा. कमी व्होल्टेजला मशीन मंदावते, मग आपण जास्त दाबतो, आतला थंड करणारा पंखाही हळू फिरतो आणि आर्मेचर जळतं. मशीन दुरुस्तीला गेली की तीन दिवसांची मजुरी गेली.

अंगावर काय आहे ते बघा

मशीन हातात घेण्याआधी स्वतःकडं बघा. लांब बाह्यांचा सैल कुर्ता, गळ्यात रुमाल, मनगटात दोरा, बोटात अंगठी, कानातल्या इअरफोनची लोंबती वायर. यातलं काहीही फिरत्या पॅडमध्ये अडकू शकतं, आणि मग कपड्याच्या मागोमाग हात जातो. बाह्या बटण लावून घट्ट करा किंवा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घाला. गळ्यात ताईत असेल तर काम होईपर्यंत खिशात ठेवा. कुणाच्या श्रद्धेबद्दल मी बोलत नाही, दोऱ्याबद्दल बोलतोय. सैल सुती हातमोजे घालूनही फिरत्या डिस्कजवळ जाऊ नका.

डोळ्यांना गॉगल पाहिजे, आणि तो बाजूनं बंद असलेला. उन्हाचा काळा चष्मा म्हणजे गॉगल नाही. पायात चप्पल नको, बूट पाहिजेत. दिवसभर ग्राइंडर चालत असेल तर कानात इअरप्लग घाला. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

हातात धरल्यावर

दोन्ही हात. बाजूचं हँडल काढून ठेवलेली मशीन म्हणजे एका हातानं चालवलेली मोटारसायकल. डावखुरे असाल तर हँडल दुसऱ्या बाजूला लागतं, लावून घ्या. वायर खांद्यावरून मागं टाका, म्हणजे पॅडखाली येत नाही.

पेपर लावून घासायचं असेल तर मशीन हवेत सुरू करा, पूर्ण वेग येऊ द्या, मग हलकेच टेकवा. उचलूनच बंद करा. बफिंगचं उलटं आहे. कंपाउंड लावलेलं पॅड आधी पृष्ठभागावर टेकवायचं आणि सगळ्यात कमी वेगावर सुरू करायचं. नाहीतर कंपाउंड तुमच्या तोंडावर आणि गिऱ्हाइकाच्या काचेवर.

कडेला आलात की पॅड कुठल्या दिशेनं फिरतंय ते बघा. ते कडेवरून बाहेर जाताना लागलं पाहिजे. कडेच्या आत शिरताना लागलं तर ते अडकतं आणि मशीन उलटी फेकली जाते. बॉनेटची कड, दाराची चौकट, ओट्याचा कोपरा, अपघात याच ठिकाणी होतात.

दाबू नका. मशीनचं स्वतःचं वजन पुरतं. दाबावं लागतंय म्हणजे पेपर घासला गेलाय किंवा नंबर चुकलाय. ८० वरून एकदम ४०० वर उडी मारली की ओरखडे राहतात, ते काढायला आपण दाबतो, पृष्ठभाग तापतो आणि रंग जळतो. ८०, १२०, १८०, २२० अशा पायऱ्या घ्या. हाताला आराम, कामाला चमक.

आणि मशीन पूर्ण थांबल्याशिवाय खाली ठेवू नका. बटण सोडल्यावरही पॅड काही सेकंद फिरतं. त्या काही सेकंदांत किती पॅन्टी फाटल्या आणि किती मांड्या, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आगीचंही लक्षात ठेवा. मोटरीत कार्बनच्या ठिणग्या पडतच असतात. म्हणून थिनर उघडं ठेवून शेजारी मशीन चालवायची नाही. लाकूड घासायच्या कोपऱ्यात लोखंड घासायचं नाही. लोखंडाची ठिणगी भुशात पडून तासाभरानं पेटू शकते. आणि अळशीच्या तेलाचं पॉलिश पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

रुमालानं धूळ अडत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोट कापलं तर रक्त दिसतं, सगळे धावतात. धुळीनं माणूस पंधरा-वीस वर्षांनी मरतो आणि तोवर मशीनचं नाव कुणी काढत नाही.

तोंडाला रुमाल बांधला की आपल्याला वाटतं झालं काम. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुप्फुसात खोल उतरणारी धूळ पाच मायक्रॉनहून बारीक असते. ती डोळ्यांना दिसतही नाही. रुमालाच्या विणीतून ती सरळ आत जाते. जाड भुसा अडतो म्हणून आपली फसगत होते.

धूळ कशाची आहे, ते ओळखा.

लाकडाची असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच ती माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. नाकाचा कर्करोग होतो. जुन्या दरवाजाचा रंग घासत असाल तर त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडं नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा वाडा, त्याआधीच्या खिडक्या कोरड्या घासायच्या नाहीत. ती धूळ कपड्यांवर बसून घरी जाते आणि लेकरांच्या तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूला शिशाचा धोका सगळ्यात जास्त.

दगडाची धूळ असेल तर कोणता दगड, हे विचारा. संगमरवरात आणि शहाबादीत मुख्य भाग चुनखडीचा. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त क्वार्ट्झ म्हणजे सिलिका असते. आपल्या जिल्ह्यातच देगलूर, बिलोली, मुखेडकडं ग्रॅनाइटचा खडक आहे, त्या भागातली मुलं इथं बसलीत. आणि आता किचनच्या ओट्यासाठी जो कृत्रिम क्वार्ट्झ दगड येतो, त्यात सिलिका ९० टक्क्यांच्या वरही असते. त्या दगडानं तरुण कारागिरांची फुप्फुसं इतकी खराब झाली की ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. आपल्याकडं तोच दगड पोरं कोरडा घासतात, तोंडाला रुमाल बांधून.

सिलिकाच्या धुळीनं होणारा आजार म्हणजे सिलिकोसिस. तो बरा होत नाही. फुप्फुस दगडासारखं कडक होत जातं. त्यात टीबीही लवकर होतो. कित्येकदा एक्स-रे बघून नुसता टीबी समजून औषध सुरू होतं आणि मूळ आजार तसाच राहतो. म्हणून खोकला घेऊन दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, "मी दगड घासायचं काम करतो, इतकी वर्षं झाली." डॉक्टर विचारतीलच असं नाही.

तुमच्यातल्या काहींच्या बोटात अकीकची अंगठी दिसते. आपल्याकडं अकीक मोठ्या आदरानं घालतात. तो खडा चमकवतात गुजरातमधल्या खंबातला. घराघरांत घासतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेनं तिथल्या कारागिरांचा अभ्यास केला, आणि सिलिकोसिस फक्त कारागिरांनाच नाही तर शेजारी राहणाऱ्या, खड्याला हातही न लावलेल्या माणसांनाही झालेला आढळला. आपल्या बोटातली चमक कुणाच्या तरी श्वासातून आली असेल. अंगठी घालू नका असं मी म्हणत नाही. दुसऱ्याच्या आणि स्वतःच्या श्वासाची किंमत ओळखा, एवढंच म्हणतो.

मग करायचं काय? पहिलं, धूळ उडूच द्यायची नाही. दगड ओला घासा. पण पाणी आणि वीज एकत्र आली की जीव जातो. म्हणून ओल्या कामासाठी बनवलेलीच मशीन घ्या, किंवा कंप्रेसरवर चालणारी, आणि आरसीसीबीशिवाय ओलं काम नाही. लाकडाला पाणी चालत नाही, तिथं धूळ ओढणारी पिशवी किंवा व्हॅक्यूम जोडलेला सँडर वापरा. शेडचं शटर उघडं ठेवा आणि वारा पाठीमागून येईल असे उभे राहा. झाडू मारण्याआधी पाणी शिंपडा.

दुसरं, मास्क. कमीत कमी एन-९५. तो नाकावर दाबून बसला पाहिजे. आणि इथं एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो, कारण कुणी सांगत नाही. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही. फटीतून हवा आत येते. दाढी ठेवायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी त्यात पडणार नाही. पण दाढीवाल्या भावांनी मास्कवर विसंबून राहू नये. त्यांनी ओलं घासणं आणि व्हॅक्यूम यांवर दुप्पट भर द्यावा.

तिसरं, कामाचे कपडे दुकानातच बदला. घरी अम्मी किंवा बायको ते कपडे झटकून धुते, तेव्हा ती तुमचीच धूळ श्वासात घेते.

मशीनची देखभाल

रोज काम संपल्यावर प्लग काढा आणि मशीनच्या हवेच्या जाळ्या साफ करा. कंप्रेसरनं हवा मारायची असेल तर बाहेर उघड्यावर, गॉगल घालून, कमी दाबानं. कुणाच्या अंगावर हवा मारायची नाही, मस्करीतही नाही.

आठवड्याला वायर हातातून फिरवून बघा. मशीनमध्ये शिरते तिथं आणि प्लगजवळ ती आधी तुटते. टेप गुंडाळून चालवू नका, वायर बदला. पॅडच्या मागच्या रबराला चीर दिसली तर ते फेका. चिकटपट्टीचा पेपर नीट धरत नसेल तर पॅडचं आयुष्य संपलंय. बफिंगचं लोकर किंवा स्पंज धुऊन पूर्ण वाळवा. वाळलेल्या कंपाउंडचे खडे पुढच्या गाडीवर ओरखडे काढतात.

महिन्याला कार्बन बघा. घासून एक तृतीयांश उरले की बदला, आणि दोन्ही एकदम बदला, त्याच मापाचे. दुसऱ्या मापाचे कार्बन घासून बसवायचे नाहीत. आतून ठिणग्यांचं कडं दिसायला लागलं, मशीन अडखळायला लागली किंवा जळका वास आला, तर थांबा. कार्बनची जोडी दोन-चार चहांच्या पैशांत येते, आर्मेचर नाही. बेअरिंगचा आवाज बदलला की लगेच मिस्त्रीकडं. बेअरिंग गेलेल्या मशीनची थरथर हातात उतरते, आणि वर्षानुवर्षं थरथर सोसलेली बोटं बधिर होतात.

आणि मशीन वायरीला धरून उचलायची नाही. हे आठ वर्षांच्या पोरालाही कळतं, पण आपण करतो.

रमजान, सीझन आणि छोटू

आपल्या कामाचा सीझन म्हणजे ईदच्या आधीचे दिवस आणि लग्नसराई. रमजान उन्हाळ्यात आला की मराठवाड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, रोज्यात, दुपारी चार वाजता माणूस उभा राहतो आणि त्याच्या हातात ११ हजार फेऱ्यांची मशीन असते. तोंड कोरडं, डोळ्यांपुढं अंधारी, आणि गिऱ्हाइकाचा फोन. अपघाताला अजून काय लागतं? मशीनचं काम सकाळी उरकून घ्या. दुपारनंतर हातानं घासणं, मोजमाप, हिशेब, सामान आणणं. इफ्तारच्या आधीच्या तासात मशीनला हात नाही. गिऱ्हाइकाला "ईदनंतर देतो" म्हणायला शिका.

आणि छोटू. प्रत्येक गॅरेजात एक छोटू असतो. आपल्याच भावाचा, आपल्याच मोहल्ल्यातला. कायदा सांगतो, १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि १४ ते १८ वर्षांच्या मुलाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही. सरकारनं आपल्याला काय दिलं नाही, यावर आपण तासभर बोलू शकतो, आणि ते बोललंच पाहिजे. पण छोटूच्या हातात ग्राइंडर सरकारनं दिलेला नाही. आपण दिलाय. "मीही असाच शिकलो" हे उत्तर नाही. माझ्या साथीदाराची नडगी माझ्या त्या शिकण्यातच गेली.

अपघात झालाच तर

शॉक लागला तर माणसाला हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा. डोळ्यात कण रुतला तर चोळू नका, काडीनं काढू नका, डोळा झाकून दवाखान्यात न्या. जखमेवर हळद, चुना, तंबाखू, काही लावू नका. स्वच्छ कापड दाबून धरा. बोट तुटलं तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. १०८ नंबर दुकानाच्या भिंतीवर मोठ्या आकड्यात लिहून ठेवा.

कागदाचंही करून घ्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे. अपघाती मृत्यूला २ लाख, एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची नजर कायमची गेली तर १ लाख. बँकेत खातं असलेल्या १८ ते ७० वयाच्या कुणालाही ती घेता येते. बोटाचे पैसे त्यात मिळत नाहीत, म्हणून बोटं सांभाळा. बांधकामावर फरशी बसवणारा आणि घासणारा कामगार वर्षात ९० दिवस काम केलं असेल तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करू शकतो. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतार आणि पाथरवट आहेत. प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यातून खरा पॉलिशर घ्या, ग्राइंडरला पॅड लावायची वेळ येणार नाही.

शेवटचं

आपल्याकडं एक वाक्य आहे, "कुछ नहीं होता, अल्लाह मालिक है." उंटाची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी जुम्म्याच्या बयानात ऐकलीय. दोर बांधणं आणि भरोसा ठेवणं एकमेकांच्या आड येत नाहीत, हाच तिचा अर्थ. प्लग काढणं म्हणजे ईमान कच्चं असणं नाही. गॉगल घातला म्हणून मर्दानगी कमी होत नाही. माझ्या उस्तादांचं कसब मोठं होतं. पण शेवटच्या वर्षांत दोन पायऱ्या चढताना ते थांबून दम घ्यायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला आज सांगितलंय.

उद्या सकाळी दुकान उघडल्यावर एवढंच करा. पॅडवरचा आकडा वाचा, वायर हातातून फिरवा, आणि छोटूच्या हातातली मशीन काढून त्याची शाळेची वेळ विचारा.

आता प्रश्न विचारा. ज्यांनी मशिनी आणल्यात त्यांनी त्या पुढं आणा, उघडून बघू. प्लग आधी काढा.